क्रॉम्प्टन ग्रीव्हज ते सीजी पॉवर : एका कंपनीचा इतिहास, नगरहून पाहिलेला

नगरमध्ये सोयरीक जमवताना मुलगा कुठे कामाला आहे असे विचारले, की एका शब्दात उत्तर यायचे, ‘क्रॉम्प्टनला.’ खाते, हुद्दा, पगार यांची चौकशी करायची गरज पडत नसे. परमनंट आहे ना, एवढेच कोणीतरी हळूच विचारून घेई. मनमाड रस्त्यावरच्या नागापूर एमआयडीसीत पाळी सुटताना आधी सायकलींची आणि पुढे मोटारसायकलींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या नावाचे वजन वेगळे सांगायला नको.

आता फाटकावर ‘सीजी’ अशी दोन अक्षरे आहेत. वर्तमानपत्राच्या अर्थपानावर ही अक्षरे दिसतात ती बहुधा सेमिकंडक्टर, साणंद, रेनेसास अशा शब्दांच्या सोबतीने. माझ्या ओळखीचे जुने कामगार भेटले की विचारतात, ‘सर, आपली मोटारी करणारी कंपनी, ती चिप करायला कशी काय लागली?’ माझा जन्म इलेक्ट्रिकल ट्रेड शिकवण्यात गेला. या स्मरणिकेसाठी कंपनीचा इतिहास लिहायचे ठरले तेव्हा मी या प्रश्नालाच धरून लिहायचे ठरवले. कारण माझ्या मते यात ‘कशी काय’ असे काही नाही. मोटार आणि चिप यांचे नाते जुने आहे.

सुरुवात इंग्लंडातून करावी लागते. रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन हा तिथला इंजिनीअर तरुणपणी ब्रिटिश सैन्यातून हिंदुस्थानात आला होता. इथल्या रस्त्यांवर वाफेच्या इंजिनाने माल ओढण्याचे प्रयोग त्याने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला केले. परत गेल्यावर १८७८ साली चेम्सफर्ड येथे त्याने विजेचे दिवे आणि डायनामो करणारी कंपनी काढली. पुढे विद्युत उद्योगासाठी जागतिक मानके ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था १९०६ मध्ये उभी राहिली, तिच्या स्थापनेतही कर्नल क्रॉम्प्टनचा मोठा वाटा होता. आज मोटारीच्या पट्टीवर आयईसीचा उल्लेख असतो तो त्याच संस्थेचा. १९२७ मध्ये त्याची कंपनी पार्किन्सन यांच्या कंपनीत मिसळली आणि क्रॉम्प्टन पार्किन्सन हे नाव आले.

दुसरा अर्धा भाग मुंबईचा. जेम्स ग्रीव्हज आणि जॉर्ज कॉटन यांनी १८५९ मध्ये मुंबईत पेढी काढली होती. १९३७ मध्ये क्रॉम्प्टन पार्किन्सनने मुंबईत कारखान्यासाठी एक कंपनी स्थापन केली आणि विक्रीसाठी ग्रीव्हज कॉटनबरोबर दुसरी. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, लाला करमचंद थापर यांनी हा व्यवसाय घेतला. १९६६ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि क्रॉम्प्टन ग्रीव्हज हे नाव रूढ झाले. वरळीला मुख्य कचेरी, कांजूरमार्गला कारखाना, नाशिकला अंबडमध्ये स्विचगिअर, औरंगाबादला व्हॅक्यूम इंटरप्टर, मध्य प्रदेशात ट्रान्सफॉर्मर, गोव्यात आणि नगरला मोटारी, असा पसारा वाढत गेला.

नगरलाच मोटारीचा कारखाना का, याचे उत्तर जिल्ह्याच्या जमिनीत आहे. हा अवर्षणाचा जिल्हा. उत्तरेला गोदावरी, प्रवरा आणि मुळेचे पाणी, दक्षिणेला विहिरी आणि बोअर. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० मध्ये सुरू झाला आणि बघता बघता जिल्हाभर धुराडी उभी राहिली. एका साखर कारखान्यात किती मोटारी असतात याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. उसाचा वाहक, बगॅसचा पट्टा, रसाचे पंप, फिरणारे सेंट्रिफ्यूगल, बॉयलरचे पंखे, शिवाय पाण्याचे लहानमोठे पंप. कारखान्याच्या बाहेर पडले की प्रत्येक विहिरीवर एक मोटार. जिथे मोटार खपते, बिघडते आणि पुन्हा भरली जाते, तिथे ती ओळखणारे हातही तयार होतात. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाल्यावर राज्यभर ज्या वसाहती निघाल्या त्यांत नगरला कामगार हुडकावे लागले नाहीत. अकोळनेर, निंबळक, विळद, जेऊर अशा गावांतून मुले सायकलवर येत होती.

लो-टेन्शन मोटार बाहेरून ओतीव लोखंडाचा एक पिंप दिसते. आतले काम मात्र सोनाराच्या जातीचे आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉन पोलादाच्या चकत्या प्रेसवर कापायच्या, त्यांची थप्पी लावायची, की आतल्या बाजूला खाचा तयार होतात. खाचेत आधी इन्सुलेशनचा कागद बसवायचा. मग तांब्याच्या तारेची कॉइल एकेक वेढा सांभाळत त्यात उतरवायची आणि वरून पाचर मारायची. तारेवरचे एनॅमल नखानेही खरवडता कामा नये. मग वॉर्निशमध्ये बुडवणे, भट्टीत सुकवणे. रोटरच्या खाचांत वितळलेले अॅल्युमिनियम ओतले जाते, शाफ्ट दाबून बसतो, रोटर तोलला जातो. शेवटी चाचणी : मोकळी फिरवून, रोटर अडवून, आणि वाइंडिंगवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देऊन. ट्रेड शिकणाऱ्या मुलांना मी वर्गात सांगत असे की मोटार जळते तेव्हा तांबे जळत नाही, तारेवरचे ते केसाएवढे कातडे जळते. सगळी कारागिरी ते कातडे वाचवण्याची आहे.

ही गोष्ट मुद्दाम लांबवली, कारण पुढच्या सगळ्या बदलाची चावी त्यातच आहे.

नव्या शतकात कंपनीने परदेशी उडी घेतली. २००५ मध्ये बेल्जियमची पावेल्स ही ट्रान्सफॉर्मर कंपनी घेतली, पाठोपाठ हंगेरीची गान्झ, आयर्लंडची मायक्रोसोल, २०११ मध्ये स्वीडनची इमोट्रॉन, २०१२ मध्ये स्पेनची झिव्ह. यांतल्या बहुतेक पुढे विकाव्या किंवा बंद कराव्या लागल्या. कर्जाचे ओझे मात्र राहिले. माझ्या दृष्टीने या यादीतली मोलाची खरेदी इमोट्रॉनची. ती ड्राइव्ह बनवणारी कंपनी होती, म्हणजे मोटारीचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी पेटी. त्या पेटीमुळे मोटारीच्या कंपनीचा सेमिकंडक्टरशी रोजचा संबंध आला.

२०१५ मध्ये घर वाटले गेले. पंखे, दिवे आणि घरगुती पंप यांचा व्यवसाय वेगळा काढून अॅडव्हेंट आणि टेमासेक या गुंतवणूकदारांना त्यातला ३४ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा सुमारे २,००० कोटी रुपयांना द्यायचा ठरला. २०१६ मध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्हज कन्झ्युमर इलेक्ट्रिकल्स ही स्वतंत्र कंपनी बाजारात नोंदली गेली. जुन्या कंपनीचे नाव २०१७ मध्ये सीजी पॉवर अँड इंडस्ट्रियल सोल्युशन्स झाले. नगरला याचा अर्थ अगदी डोळ्यांसमोर दिसला. एकाच एमआयडीसीत पंपांचा कारखाना एका कंपनीकडे गेला आणि मोटारींचा दुसऱ्या कंपनीकडे राहिला. जे कामगार एकाच नावाखाली नोकरीला लागले होते, त्यांची कार्डे दोन कंपन्यांची झाली. लोक आजही दोन्हींना क्रॉम्प्टनच म्हणतात.

मग २०१९ चा ऑगस्ट. संचालक मंडळाने शेअर बाजाराला कळवले की हिशेबांत गंभीर गडबडी आढळल्या आहेत, देणी कमी दाखवली गेली आहेत, संबंधितांना दिलेल्या रकमांची नीट नोंद नाही. महिनाअखेर अध्यक्षांना पदावरून दूर करण्यात आले. सप्टेंबरात सेबीने आदेश काढला. शेकड्यांत खेळलेला शेअर एक आकडी झाला. त्यातच कोरोनाची टाळेबंदी आली. या काळाबद्दल लिहिताना एवढेच नोंदवतो की हिशेबाच्या वहीत खोट असताना वाइंडिंग खात्यातल्या कॉइलमध्ये खोट नव्हती. नंतर जे झाले त्याचा पाया तोच आहे, आणि कंपनीचा इतिहास लिहिणाऱ्याने हे ठळक अक्षरांत लिहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ऑफ इंडियाने सीजी पॉवर घेण्याचा करार जाहीर केला. नव्या समभागाचा भाव ठरला ८ रुपये ५६ पैसे. नोव्हेंबरअखेर व्यवहार पुरा झाला आणि वेल्लायन सुब्बय्या अध्यक्षपदी आले. नगरकरांना ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स हे नाव परके वाटले तरी तिचा माल परका नव्हता : ज्या हर्क्युलस आणि बीएसए सायकलींवरून आपली माणसे कामावर गेली त्या याच समूहाच्या. योगायोग असा, की त्याच ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी एल अँड टीचा स्विचगिअर व्यवसाय १४,००० कोटी रुपयांच्या व्यवहारात श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला आणि त्याचा नगरचा कारखानाही त्याबरोबर गेला. चार महिन्यांत आपल्या एमआयडीसीतली दोन मोठी फाटके नव्या मालकांची झाली. मास्क लावून कामावर जाणाऱ्या माणसांना त्या वेळी आपली नोकरी राहते की जाते याचीच धास्ती होती.

मोटारी निघत राहिल्या. नव्या व्यवस्थापनाने काही जादू केली नाही. कर्ज फेडले, नको ते विकले, पुरवठादारांचे पैसे वेळेवर दिले, आणि जे चांगले चालते त्यात पैसे घातले. २०२०-२१ मध्ये तीन हजार कोटींच्या आसपास असलेली एकत्रित विक्री २०२४-२५ मध्ये सुमारे ९,९०० कोटींवर गेली.

आता त्या प्रश्नाकडे येतो.

शहरात एक रिवाइंडिंगचे दुकान आहे. तिथला कारागीर माझा जुना विद्यार्थी. दोनेक वर्षांपूर्वी त्याने मला फोन करून बोलावले. ‘सर, एक बघायला या.’ टेबलावर पाच हॉर्सपॉवरची मोटार उघडी पडलेली होती. पट्टीवर नेहमीचेच आकडे, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० फेरे. ओव्हरलोडने जळलेली मोटार मी शेकड्यांनी पाहिली आहे. सगळे वाइंडिंग काळेठिक्कर पडते, वास महिनाभर जात नाही. इथे तसे काही नव्हते. तांबे लालभडक, वॉर्निश चकचकीत. फक्त तिन्ही फेजच्या तोंडाशी, जिथे वायर आत शिरते तिथल्या पहिल्या दोन-तीन वेढ्यांवर, सुईने टोचावीत तशी बारीक काळी छिद्रे. ‘ड्राइव्हवर चालत होती का रे?’ मी विचारले. ‘हो सर, पण मोटार साधीच लावली होती.’

ते छिद्र म्हणजे सेमिकंडक्टरची खूण. ड्राइव्हच्या पेटीत आयजीबीटी नावाचे बटण असते. घरातले बटण दिवसात दहा वेळा चालू-बंद होते, हे एका सेकंदात हजारो वेळा होते. आधी तीन फेजची वीज सरळ, म्हणजे डीसी करायची, मग तिचे अति बारीक तुकडे करून मोटारीला पुन्हा हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज द्यायची. मोटार पन्नास हर्ट्झवर चालवा की चाळीसवर, आता आपल्या हातात. पंप ऐंशी टक्के वेगाने फिरवला तर पाणी ऐंशी टक्के येते, पण वीज लागते जवळजवळ निम्मी. वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती लागते, हे गणित साखर कारखान्यांनी केव्हाच ओळखले. मात्र त्या तुकड्यांची धार इतकी तीव्र असते की तिचा सगळा मार पहिल्या वेढ्यांवर बसतो. म्हणून ड्राइव्हवरची मोटार वेगळी बनवावी लागते, तिच्या तारेचे कातडे वेगळे, खाचेतला कागद वेगळा. चिप बदलली की नागापूरची मोटार बदलते. गेली वीस वर्षे हे असेच चालू आहे.

रेल्वेचेही तेच. मुंबईहून शिर्डीला येणारी वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू आहे. ती कसारा घाट मागून जोर लावणाऱ्या इंजिनाशिवाय चढते, कारण तिच्या बऱ्याच डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत आणि त्या मोटारींमागे आयजीबीटीचा कन्व्हर्टर, म्हणजे ड्राइव्हसारखीच विजेचे रूप बदलणारी पेटी. उतारावर त्याच मोटारी वीज तयार करून वर तारेत परत देतात. सीजीला वंदे भारतच्या दहा गाड्यांसाठी लागणाऱ्या सामग्रीची ऑर्डर मिळाली. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या कवच यंत्रणेसाठी तिने २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जी. जी. ट्रॉनिक्समध्ये ५५ टक्के हिस्सा घेतला. सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आपण येता-जाता पाहतो. अलीकडच्या पवनचक्क्यांची वीज थेट ग्रिडला जोडता येत नाही, मधे कन्व्हर्टर लागतो.

हे सगळे लक्षात घेतले की साणंदचा कारखाना आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन सेमिकंडक्टर प्रकल्पांना मंजुरी दिली. दोन टाटांचे, धोलेरा आणि आसामातले, आणि तिसरा सीजी पॉवरचा. जपानची रेनेसास आणि थायलंडची स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांच्या भागीदारीत गुजरातमधल्या साणंदला ७,६०० कोटींचा प्रकल्प. भागीदारीत ९२.३ टक्के सीजीचे, ६.८ टक्के रेनेसासचे, बाकी स्टार्सचे. १३ मार्चला पायाभरणी झाली आणि २८ ऑगस्ट २०२५ रोजी पहिली प्रायोगिक ओळ सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता दिवसाला पाच लाख चिपची, दुसरा टप्पा धरून दीड कोटीची. त्याशिवाय २०२४ मध्ये रेनेसासचा रेडिओ फ्रिक्वेन्सी सुट्या भागांचा व्यवसाय ३६ दशलक्ष डॉलरला घ्यायचे ठरले. त्यासाठीच्या उपकंपनीचे नाव अॅक्सिरो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण चहाच्या टपरीवर तो रोज ऐकू येतो. साणंदला चिप ‘छापली’ जात नाही. सिलिकॉनच्या तबकडीवर नक्षी उमटवण्याचे काम दुसरीकडे होते. साणंदला तबकडी येते, तिचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा तळपट्टीवर चिकटवला जातो, सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारेने त्याची टोके जोडली जातात, वरून साचा ओतला जातो आणि चाचणी होते. ही तार सुमारे वीस मायक्रॉनची, म्हणजे डोक्याच्या केसाच्या तिसऱ्या हिश्शाची. नागापूरच्या वाइंडरने हे वाक्य वाचले तर त्याला ओळखीचे वाटेल : तुकडा बसव, तार जोड, वरून इन्सुलेशन, मग टेस्ट. माप कित्येक पटींनी लहान झाले आहे. स्वच्छता दवाखान्यातल्या ऑपरेशन थिएटरहून कडक आहे. पण क्रम तोच.

आणि दुसरा गैरसमज. सीजीचे उच्च शक्तीचे काम आणि साणंदचे पॅकेजिंग ही दोन वेगळी खाती आहेत. मोठ्या शक्तीचा पैसा आज तरी ट्रान्सफॉर्मर, मोटारी आणि रेल्वेतून येतो. २०२५ मध्ये पॉवरग्रिडकडून ७६५/४०० केव्ही ट्रान्सफॉर्मर आणि रिअॅक्टरची सुमारे ६४१ कोटींची ऑर्डर मिळाली, ती त्याच खात्याची. साणंदच्या चिप मोटारगाडी, कारखाने, दूरसंचार अशा ग्राहकांसाठी आहेत. दोन्हींना एकत्र मोजून ‘सेमिकंडक्टरची कंपनी’ म्हणणे घाईचे होईल. भविष्यात ही खाती एकमेकांना हात देतील, असे मला वाटते, कारण ड्राइव्ह आणि कन्व्हर्टरचा मोठा खर्च आतल्या चिपवर होतो.

जगात चिपच्या धंद्याचे वारेही मोठ्या शक्तीकडेच आहे. अमेरिकेतली नॅविटास ही २०१४ साली निघालेली कंपनी गॅलियम नायट्राइडच्या चिपसाठी ओळखली जायची, फोनचे झटपट चार्जर त्यावर चालत. २०२२ मध्ये तिने जेनेसिक ही सिलिकॉन कार्बाइडच्या, म्हणजे मोठ्या शक्तीच्या चिपची कंपनी घेतली. २०२५ मध्ये एनव्हिडियाने डेटा सेंटरसाठी ८०० व्होल्ट डीसीची रचना पुढे आणली तेव्हा तिच्या सोबत्यांत नॅविटासचे नाव आले, आणि कंपनीने फोनच्या चार्जरवरून मोठ्या शक्तीच्या बाजाराकडे तोंड वळवले. तिच्या नव्या प्रमुखाचा पूर्वीचा मुक्काम रेनेसास. आता दुसरी बाजू. सिलिकॉन कार्बाइडमधली अग्रणी म्हणून मिरवलेली वुल्फस्पीड जून २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. तिला रेनेसासने २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलर अनामत दिले होते. तंत्रज्ञान बरोबर होते. कारखाना वेळेआधी, फार मोठा आणि कर्जावर उभारला, मागणी त्या वेगाने आली नाही. हे उदाहरण मी सीजीच्या इतिहासात मुद्दाम घालतो, कारण आपल्या कंपनीनेही कर्जावर उड्या मारून एकदा किंमत मोजली आहे.

गुंतवणूकदारांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण नगरमध्ये हा शेअर घेणारे आणि घ्यावा का असे विचारणारे पुष्कळ आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात कंपनीने मोठ्या संस्थांना ६६० रुपये भावाने समभाग देऊन ३,००० कोटी उभे केले. ८.५६ वरून ६६० म्हणजे पाच वर्षांत सत्याहत्तर पट. या आकड्याने डोळे दिपतात. पण पाटीवर दुसरेही गणित मांडून पाहावे. एकूण समभाग दीड अब्जाहून थोडे अधिक, म्हणजे त्या भावाने सगळ्या कंपनीची किंमत एक लाख कोटींच्या वर. आदल्या वर्षीचा एकत्रित नफा हजार कोटींच्या किंचित आत. याचा अर्थ, नफा तिथेच राहिला तर त्या भावाने घातलेला रुपया वसूल व्हायला शंभर वर्षे लागतील. घेणाऱ्याने नफा कित्येक पटींनी वाढेल असे गृहीत धरले आहे.

वाढेल का? वीजवाहिन्यांचे जाळे वाढते आहे, ट्रान्सफॉर्मरला जगभर मागणी आहे, रेल्वेच्या कवचचे काम पुढची अनेक वर्षे पुरेल. या भागावर माझा पूर्ण विश्वास आहे. साणंदबद्दल मी धीर धरीन. प्रकल्पखर्चाचा जवळपास निम्मा भार केंद्राचे अनुदान उचलते, गुजरातचे वेगळे. रेनेसास भागीदारही आहे आणि संभाव्य ग्राहकही, हे दोन मोठे आधार. पण पॅकेजिंगच्या धंद्यात मलेशिया, तैवान आणि चीनचे कारखाने दशकानुदशके मुरलेले आहेत. तिथे नफा पैशा-पैशाने मिळतो आणि तो चिप किती बाद होतात यावर ठरतो. शंभरातल्या नव्व्याण्णव चांगल्या निघणे आणि पंच्याण्णव निघणे यात कारखाना तरतो किंवा बुडतो. ग्राहकाची, विशेषतः मोटारगाडीवाल्याची, मंजुरी मिळायला वर्ष-दोन वर्षे लागतात. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे : कंपनी चांगली, दिशा बरोबर, भाव मात्र आधीच पुढच्या कित्येक वर्षांचे काम झाल्यासारखा. निवृत्तीचे पैसे एकदम यात घालू नयेत. ज्याला घ्यायचे त्याने तिमाही निकालात साणंदचा तोटा किती आणि मोटार-ट्रान्सफॉर्मरचा नफा किती हे वेगवेगळे पाहावे आणि मगच ठरवावे.

माझी खरी तळमळ दुसरीच आहे. नगरच्या मुलांना या बदलात जागा हवी. इथल्या मुलाला तारेचे कातडे जपायची सवय आजोबांपासून आहे. त्याला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, ड्राइव्ह दुरुस्ती, स्वच्छ खोलीतली शिस्त शिकवली तर साणंद काय, सुप्याच्या जपानी औद्योगिक वसाहतीतही त्याला काम आहे. आपल्या शिक्षणसंस्थांनी ट्रेडच्या अभ्यासात एखादा जुना ड्राइव्ह उघडून ठेवावा. मी तो टेबलावर आणून द्यायला तयार आहे.

शेवटी एक विनंती. १९८० आणि ९० च्या दशकांत नगरमधल्या अनेक कामगारांनी आणि दुकानदारांनी क्रॉम्प्टन ग्रीव्हजचे थोडे थोडे शेअर घेतले होते. कागदी प्रमाणपत्रे पत्र्याच्या पेटीत, पोथीच्या फडक्यात, एलआयसीच्या पावत्यांबरोबर पडून असतील. घेणारे आजोबा कदाचित आता नाहीत. कंपनीचे विभाजन झाले तेव्हा प्रत्येक जुन्या शेअरमागे कन्झ्युमर कंपनीचा एक शेअर मिळाला होता, म्हणजे त्या एका कागदावर दोन कंपन्यांचा हक्क आहे. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, ते डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जमा होतात, पण तिथूनही वारसाला अर्ज करून ते परत मिळवता येतात. घरातली पेटी एकदा उघडून पाहा. नाव जुळत नसेल, सही बदलली असेल, वारसाचा दाखला नसेल, तरी कागद फेकू नका. फोलिओ क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या रजिस्ट्रारला पत्र टाका.